ज्या दगडाला आवाज होता

नाशिकच्या मामांनी मला तो फोटो पाठवला, तो श्रावणातला सोमवार होता. हिरव्या टेकडीवर एकटाच उभा, गोल माथ्याचा करडा दगड. खाली मजकूर होता, आयर्लंडमधलं प्राचीन शिवलिंग, वय पाच हजार वर्षं, अभिमान वाटला तर पुढे पाठवा. आणि त्याखाली मामांनी स्वतः टाइप केलेलं, 'तुझ्या घराजवळ आहे का गं हे?'

घराजवळच आहे. आम्ही मीथ परगण्यातल्या नॅव्हन गावात राहतो आणि टाराची टेकडी आमच्यापासून दहा किलोमीटरवर. अकरा वर्षांत मी तिथे किती वेळा गेले असेन याचा हिशेब नाही. धाकटी पोटात असताना गेले. आई गेल्याचा फोन आला आणि विमानाचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं मिळालं, तेव्हा मधला आख्खा दिवस काढायला तिथेच गेले. टेकडीवर तिकीट नाही, दगडाभोवती कठडा नाही. मेंढ्या चरत असतात. त्यांच्या लेंड्या चुकवत चढायचं, वारा कानशिलावर घ्यायचा आणि त्या दगडाशी जाऊन उभं राहायचं. त्याला टेकून मी रडलेही आहे. म्हणून मामांचा मजकूर वाचला तेव्हा घरातल्या माणसाला कुणी भलत्याच नावाने हाक मारावी तसं झालं.

पण मामांना तसं कसं लिहायचं? ज्यांनी मला बोट धरून पांडवलेणी दाखवली, त्या माणसाने इतक्या आनंदाने विचारलं होतं. मी एवढंच लिहिलं, 'हो मामा, जवळच आहे. त्याचं नाव मात्र वेगळं आहे. तुम्ही आलात की सगळं सांगते.'

आणि पुढच्या मे महिन्यात मामा-मामी खरोखरच आले.

त्याचं नाव लिया फॉल. लिया म्हणजे दगड. फॉल या शब्दाशी इथल्या लोकांचं नातं इतकं जुनं आहे की आयर्लंडचं एक जुनं काव्यमय नावच 'फॉलचं बेट' असं आहे. इथल्या एका मोठ्या राजकीय पक्षाच्या नावात हा शब्द आहे, आयरिश भाषेतल्या राष्ट्रगीताच्या ध्रुवपदात आहे. अर्थ कुणी 'नियतीचा दगड' असा करतात. मला त्या अर्थापेक्षा त्याची ख्याती जास्त आवडते. हा दगड ओरडायचा. योग्य राजाचा पाय त्याच्यावर पडला की ओरडायचा, आणि अयोग्य माणसाखाली गप्प राहायचा.

जुन्या आयरिश कथा सांगतात की तुआहा डे डॅनन नावाचे देवलोक उत्तरेकडच्या बेटांवरून इथे आले. त्या बेटांवर चार नगरं होती आणि त्या नगरांत ते विद्या शिकले होते. येताना प्रत्येक नगरातून त्यांनी एकेक वस्तू आणली. लू या देवाचा भाला. नुआडा राजाची तलवार, जी एकदा म्यानातून निघाली की तिच्यापुढे कुणी टिकत नसे. डागडाची कढई, जिच्यावरून कुणी उपाशी उठत नसे. आणि फालियास नगरातून हा दगड. भाला, तलवार आणि कढई आता फक्त गोष्टीत उरल्या आहेत. दगड तेवढा टाराच्या टेकडीवर वाऱ्यापावसात उभा आहे आणि त्याला हात लावता येतो.

मामांना घेऊन गेले त्या दिवशी ऊन होतं. बांधाबांधाने हॉथॉर्नची झुडपं पांढऱ्या फुलांनी भरून गेली होती. मामींनी एक डहाळी तोडायला हात पुढे केला, तशी मी त्यांना थांबवलं. इथे हॉथॉर्नची फुलं घरात आणत नाहीत, आणि शेतात एकटं उभं असलेलं हॉथॉर्न कुणी तोडत नाही. ते झाड टेकड्यांखाली राहणाऱ्या अदृश्य लोकांचं असतं. आमच्या शेजारच्या आजीबाई या विषयावर बोलताना आवाज खाली आणतात, आणि त्या लोकांचं नाव घेत नाहीत. 'ते' एवढंच म्हणतात. मामींना हे लगेच पटलं. त्यांच्या माहेरी शिवेवरच्या एका झाडाबद्दल असंच बोलतात.

फाटकातून आत गेलं की आधी चर्चचं जुनं आवार लागतं. थडग्यांच्या गर्दीत दोन उभे दगड आहेत, एक उंच आणि एक बुटका. जुन्या कथांमधले ब्लॉक आणि ब्लुगने ते हेच, असं सांगतात. राजा होऊ पाहणाऱ्याला रथ हाकत या दोन दगडांमधून जावं लागे. दोघांत जेमतेम हात सरकेल एवढी फट. माणूस योग्य असेल तर ते बाजूला होऊन रथाला वाट देत. आणि रथाच्या मार्गाच्या शेवटी फॉल उभा असे. तो चाकाच्या आसाला घासून असा किंचाळे की सगळ्यांना ऐकू जावं. कोनारे मोर हा राजा या परीक्षेतून पार पडला, अशी कथा आहे.

"म्हणजे स्वयंवरासारखाच पण," मामा म्हणाले, "फक्त नवरी कोण?"

प्रश्न फार नेमका होता. नवरी म्हणजे ही जमीन. राजाचं लग्न भूमीशी लागायचं, असंच इथे मानत. ते लग्न नीट जुळलं तर धान्य पिके, गाई दूध देत. नाही जुळलं तर सगळं करपून जाई.

कॉनची गोष्ट मी मामांना चर्चपासून वर चढताना सांगितली. शंभर लढायांचा कॉन अशी त्याची ख्याती. रोज सूर्य उगवायच्या आत तो आपले तीन द्रुइड, म्हणजे जुन्या धर्माचे पुरोहित, आणि तीन कवी घेऊन टाराच्या तटावर चढायचा आणि क्षितिजावर नजर ठेवायचा. टेकड्यांच्या पोटातले ते लोक बेसावध क्षणी आयर्लंडवर चालून येऊ नयेत म्हणून राजा स्वतः पहाटेचा पहारा द्यायचा. एका पहाटे त्याच्या पायाखाली एक दगड आला आणि किंचाळला. आवाज सगळ्या टारावर गेला, भोवतालच्या मैदानावर गेला. कॉनने कवीला विचारलं, हा दगड काय आहे, का ओरडला? कवीने उत्तरासाठी ५३ दिवसांची मुदत मागितली. मुदत भरल्यावर तो म्हणाला, याचं नाव फॉल. तो जितक्या वेळा ओरडला तितके राजे तुझ्या वंशात होतील. पण त्यांची नावं मी सांगणार नाही.

मला या गोष्टीत ते ५३ दिवस फार मोलाचे वाटतात. राजाने विचारलं म्हणून त्या कवीने जे सुचेल ते लगेच ठोकून दिलं नाही. दगडाचं बोलणं समजून घ्यायला त्याने जवळजवळ दोन महिने घेतले, आणि जेवढं कळलं तेवढंच सांगितलं.

वर पोचल्यावर पहिली दिसते ती ओलिसांची टेकडी. गवताने झाकलेला घुमट आणि त्याला एक बुटकं दगडी दार. आत जेमतेम चार मीटरची वाट, आणि तिच्या एका दगडावर कोरलेली वर्तुळं. नव्याश्मयुगातल्या लोकांनी सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी आपल्या माणसांच्या अस्थी ठेवायला ही बांधली. नोव्हेंबरच्या आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला उगवतीचं ऊन थेट त्या वाटेने आत शिरतं. १९५० च्या दशकात इथे उत्खनन झालं तेव्हा कांस्ययुगातल्या एका किशोरवयीन मुलाचं दफन सापडलं, गळ्यात अंबर, जेट नावाचा काळा दगड आणि काचेसारखे मणी यांची माळ. कुणाच्या तरी घरातला तो मुलगा. आईबापांनी किंवा टोळीने ती माळ त्याच्या गळ्यात राहू दिली. दाराच्या जाळीतून आत बघताना मला दर वेळी तो राजे-महाराजांच्या आधी आठवतो.

फॉल पूर्वी या टेकडीच्या शेजारी होता. आज तो जिथे आहे तिथे त्याला माणसांनी नेलं, आणि ते फार जुनंही नाही. १७९८ च्या उठावात इंग्रजी सत्तेविरुद्ध लढणारे बंडखोर टारावर जमले होते. २६ मे रोजी लढाई झाली, शेकडो माणसं पडली. त्यांना इथेच मूठमाती मिळाली. पुढे १८२४ च्या सुमाराला तो दगड ओलिसांच्या टेकडीजवळून उचलून त्यांच्या थडग्यावर उभा केला गेला. राजाची निवड करणाऱ्या दगडाला लोकांनी नांगरगट्ट्यांच्या, मजुरांच्या उशाशी नेलं. हे मी सांगत होते तेव्हा मामा चालता चालता थांबले. त्यांनी पायातले बूट काढून हातात घेतले आणि उरलेली वाट मोज्यांवर चालले. गवत ओलं होतं. मामी "अहो, सर्दी होईल" म्हणाल्या, पण अडवलं नाही.

आणि मग तो समोर आला.

फोटोत दिसतो तेवढा तो मोठा नाही. माझ्या खांद्याला लागेल एवढा. माथा गोल आणि गुळगुळीत, अंगावर पांढऱ्या-पिवळ्या दगडफुलाचे डाग. जवळ जाऊन निरखलं तर टवके उडालेले दिसतात. २०१२ साली कुणीतरी हातोड्यासारख्या वस्तूने त्याच्यावर चारही बाजूंनी, ११ ठिकाणी घाव घातले. दोन वर्षांनी, २०१४ च्या मे महिन्यात, कुणीतरी त्याच्यावर लाल आणि हिरवा रंग ओतला. निम्मा दगड रंगाने माखला होता. मी त्या बातमीतला फोटो पाहिला होता. लाल रंगाचे ओघळ पाहून पोटात कालवलं, आणि त्याच क्षणी मनात आलं की हाच दगड आपल्या गावच्या शिवेवर असता तर अंगावरच्या लाल रंगाने तो देव झाला असता. रंग तोच. एकीकडे शेंदूर, एकीकडे विटंबना. दगडाला काय म्हणायचं ते त्याच्याभोवती राहणारे लोक ठरवतात, हे मला त्या फोटोने जसं समजावलं तसं कुठल्या पुस्तकाने समजावलं नव्हतं.

मामा हात जोडून उभे राहिले. डोळे मिटलेले. त्यांच्या जॅकेटच्या खिशात गोदावरीच्या पाण्याची छोटी प्लास्टिकची बाटली होती, रामकुंडावरून भरून आणलेली. मला ती सकाळीच दाखवली होती. अभिषेक नाही, नुसते चार थेंब, असं म्हणाले होते. मी तेव्हा हो किंवा नाही म्हटलं नव्हतं.

डोळे उघडून ते म्हणाले, "आता खरं सांग. लिंग नाहीच म्हणतेस का हे?"

खरं सांगायचं तर तेही सोपं नव्हतं. पेट्री आणि ओ'डोनोव्हन या दोन अभ्यासकांनी १८३० च्या दशकात टाराची बारकाईने पाहणी केली, तेव्हा आसपासचे आयरिश बोलणारे लोक या दगडाला 'फर्गसचं लिंग' म्हणत. फर्गस हा त्यांच्या वीरकथांमधला महापुरुष, त्याच्या पौरुषाच्या गोष्टी अचाट आहेत. कोनारेच्या त्या रथाच्या कथेतही फॉलला दगडी लिंगच म्हटलं आहे. म्हणजे मामांच्या डोळ्यांना जे दिसलं ते इथल्या लोकांच्या डोळ्यांनाही दिसलं होतं. जमिनीशी लग्न लावणारा राजा आणि त्याला पारखणारा तो दगड, यात तो अर्थ अगदी सहज बसतो.

"मग?" मामा म्हणाले.

"मग काही नाही. तो फर्गसचा आहे, मामा. शिवाचा नाही. त्याला त्याची माणसं आहेत."

ते काही बोलले नाहीत. मी त्यांना थोडं पलीकडे नेलं. चर्चच्या कुंपणालगत टेकडीचा एक भाग ओबडधोबड आहे. खड्डे, उंचवटे, मोडलेले बांध. ही जागा म्हणजे धर्मसभांची गढी. १८९९ ते १९०२ या काळात इथे काही इंग्रज लोक फावडी घेऊन आले. इंग्रज हेच इस्राएलच्या हरवलेल्या टोळ्यांचे वंशज, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि बायबलमधला कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, टाराच्या पोटात पुरलेला आहे अशी त्यांची खात्री. त्यांनी ही गढी खणून काढली. कोश मिळाला नाही. गढी मात्र अशी झाली की पुढे १९५० च्या दशकात शास्त्रशुद्ध उत्खनन करणाऱ्यांना आधीच विस्कटलेल्या मातीतून माग काढावा लागला. विल्यम बटलर येट्स, डग्लस हाइड आणि जॉर्ज मूर या आयरिश लेखकांनी लंडनच्या वर्तमानपत्रात जाहीर निषेधाचं पत्र लिहिलं. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी झटणारी मॉड गॉन तर लहान मुलांची सहलच घेऊन टारावर आली. इंग्रज राजाच्या राज्यारोहणासाठी जमीनमालकाने लाकडांचा ढीग रचून ठेवला होता. तिने तो आयर्लंडच्या नावाने पेटवला.

त्या खणणाऱ्या लोकांचा मला राग येतो, पण पूर्ण राग करता येत नाही. त्यांचं टारावर एक प्रकारचं प्रेमच होतं. आपल्या धर्मातली सगळ्यात पवित्र वस्तू इथे असेल असं त्यांना वाटलं, यापेक्षा मोठा मान ते या टेकडीला देऊ शकत नव्हते. चूक एवढीच झाली की टेकडी काय सांगते ते ऐकायच्या आधी आपली गोष्ट तिच्या तोंडी घातली. मग ती गोष्ट खरी करायला मातीच उलथावी लागली.

मामा त्या खड्ड्यांकडे बराच वेळ बघत राहिले. पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत इतिहास शिकवला. मग म्हणाले, "आपल्या पांडवलेण्यांचं तेच झालंय गं. दर वर्षी पोरांना घेऊन जायचो. पोरं विचारायची, सर, भीम कुठे झोपायचा? मी सांगायचो, बाळांनो, हे बौद्ध भिक्खूंचे विहार आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा एवढा मोठा लेख आहे, आई आपल्या मुलाबद्दल सांगते आहे, गौतमीपुत्राबद्दल. ते कुणी वाचत नाही. भीमाची खोली तेवढी लक्षात ठेवतात."

पुढे काही म्हणाले नाहीत. बाटली खिशातच राहिली.

टेकडीच्या वायव्येला उतारावर कललेले चर आहेत. तिथपर्यंत मुद्दाम चालत जावं, बहुतेक लोक जात नाहीत. ही गोष्ट टाराच्या सगळ्या गोष्टींत माझी सगळ्यात लाडकी आहे. लुगिद मॅक कॉन तेव्हा राजा होता. कुणा बाईच्या मेंढ्या राणीच्या शेतात शिरल्या आणि राणीने रंगासाठी लावलेली निळीची रोपं खाऊन टाकली. फिर्याद राजापुढे आली. लुगिदने निवाडा दिला, नुकसानीपोटी मेंढ्या राणीला द्या. तिथे एक पोरगा बसला होता, कॉनचा नातू कॉर्मॅक. तो म्हणाला, नाही. एका कातरणीला दुसरी कातरणी. मेंढ्यांनी रोपांचा वरचा पाला खाल्ला, तर त्यांच्या अंगावरची लोकर द्या. पाला पुन्हा फुटेल, लोकर पुन्हा येईल.

तो शब्द पडताक्षणी, जिथे खोटा निवाडा झाला होता ती घराची बाजू उतारावर घसरली. ती अजून तशीच कललेली आहे. लुगिद त्यानंतर एक वर्ष गादीवर राहिला. त्या वर्षी जमिनीतून गवत उगवलं नाही, झाडाला पान आलं नाही, कणसात दाणा भरला नाही. मग लोकांनीच त्याला काढलं.

"राजा कालस्य कारणम्," मामा म्हणाले. आणि खाली वाकून त्या चराच्या उताराला हात लावून पाहिला, मातीने भरलेल्या जुन्या जखमेला लावावा तसा.

मामींना मात्र ही राजांची न्यायनिवाड्याची कथा फारशी भिडली नाही. त्यांना भिडली किअरनेटची. ती कॉर्मॅकच्या दरबारातली बंदी केलेली परदेशी मुलगी. कॉर्मॅकचा तिच्यावर जीव जडला. राणीला कळलं तशी तिने किअरनेटला दळणाला बसवलं. रोजची नऊ मापं, हाताच्या जात्यावर. पुढे तिला दिवस गेले, आणि जातं ओढवेना. तेव्हा कॉर्मॅकने समुद्रापलीकडून कारागीर बोलावला आणि टाराच्या उताराला नेमनाख नावाच्या झऱ्यावर पाणचक्की उभी केली. आयर्लंडमधली पहिली पाणचक्की ती, असं जुनं काव्य सांगतं. एका गरोदर बाईच्या दंडातला त्राण संपला, म्हणून. 

मामी म्हणाल्या, "आमच्या आजेसासूबाई नववा लागेपर्यंत दळायच्या. त्यांना कुणी नाही चक्की बांधली." आणि मग चालता चालता त्यांनी ओवी धरली, अगदी हळू, ओठांतल्या ओठांत. शब्द मला नीट ऐकू आले नाहीत. वारा फार होता.

या सगळ्या गोष्टी जपल्या गेल्या, त्याला कारण आहे. मध्ययुगीन आयर्लंडमध्ये कवीच्या शिक्षणाचा एक भागच असा होता, की प्रत्येक टेकडी, नदी, गढी, दगड यांना ते नाव का पडलं ते पाठ करायचं. त्या विद्येला दिनहॅनखस म्हणतात. आपल्याकडे स्थळपुराण म्हणतो तेच. बाराव्या शतकातल्या हस्तलिखितांत ती पद्यात आणि गद्यात उतरवलेली आहे. टारावरच्या कविता त्या संग्रहात पहिल्या येतात. कवीला जागेची गोष्ट माहीत नसणं ही लाजेची बाब होती. आणि ती गोष्ट एकच असावी असा हट्ट नव्हता. एकाच टेकडीच्या नावामागे दोन-तीन गोष्टी सांगायच्या आणि तिन्ही लिहून ठेवायच्या.

फॉल गप्प का झाला याच्याही दोन गोष्टी आहेत. एक भिक्षूंची, लेखणी धरणाऱ्यांची. येशू जन्मला आणि सगळ्या मूर्तींमधली शक्ती त्या दिवशी सरली, असं ते लिहून गेले. दुसरी गोष्ट कू हुलिनची. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांताचा तो अजिंक्य वीर. त्याने आपला मानलेला मुलगा, लुगिद लाल पट्ट्यांचा (मेंढ्यांचा निवाडा देणारा लुगिद तो नव्हे), याला या दगडावर उभं केलं. दगड ओरडला नाही. कू हुलिनला ते सहन झालं नाही. त्याने तलवार उपसली आणि दगडावर घातली. दगड दुभंगला, आणि त्याचं काळीज आतून उसळून बाहेर पडलं, ते टारापासून टेल्टाउनपर्यंत उडालं. तेव्हापासून फॉल कुणाखालीही ओरडला नाही. एकट्या कॉनचा काय तो अपवाद.

हेच कू हुलिनचं मला नेहमी वाईट वाटतं. त्याने अन्यायाने तलवार उचलली नव्हती. लेकराच्या मायेने उचलली होती. आपलं माणूस योग्य नाही हे दगडाने न बोलता सांगितलं, आणि ते मौन त्याला झेपलं नाही.

स्कॉटलंडचे राजे ज्यावर बसत तो स्कोनचा दगड म्हणजेच खरा फॉल, असाही दावा शतकानुशतकं होता. पहिल्या एडवर्डने तो १२९६ साली लंडनला नेला, १९९६ साली तो परत स्कॉटलंडला, एडिंबरोला आला. तो स्कोनजवळच्याच वालुकाश्माचा आहे असं भूशास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. आणि टारावरचा आजचा दगड तरी कथांमधला तोच का, असं विचारणारे अभ्यासकही आहेत. त्या वादात मी पडत नाही. ज्यांनी १७९८ च्या मेलेल्या लोकांच्या उशाशी त्याला नेऊन उभं केलं, त्यांनी त्याला फॉल मानलं होतं, एवढं मला पुरतं.

परतताना आम्ही एम-३ महामार्ग ओलांडला. टारा आणि समोरची स्क्रीनची टेकडी यांच्यामधल्या खोऱ्यातून तो जातो. त्याला फार मोठा विरोध झाला होता. काम चालू असताना २००७ साली लिसमलिनला लोहयुगातलं लाकडी खांबांचं प्रचंड वर्तुळ सापडलं, नोंदी झाल्या आणि त्यावरून रस्ता गेला. जून २०१० मध्ये तो सुरू झाला. माझे यजमान रोज त्याच रस्त्याने डब्लिनला जातात. तो रस्ता आहे म्हणून ते संध्याकाळी मुलींच्या जेवणाच्या वेळेला घरी पोचतात. हे मला ठाऊक आहे, आणि तरी त्या खोऱ्याकडे बघताना दर वेळी मान खाली जाते.

घरी आल्यावर मामींनी बाटलीतलं गोदावरीचं पाणी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या तुळशीला घातलं. मामांनी मोबाइल काढला, तो जुना मजकूर शोधला, आणि ज्यांना ज्यांना पुढे पाठवला होता त्या सगळ्यांना लिहायला बसले. एका बोटाने टाइप करत त्यांना रात्रीचे दहा वाजले. मे महिना, म्हणून बाहेर अजून संधिप्रकाश होता. मी वाचायला मागितलं तर म्हणाले, "झालं की बघ." पहिलीच ओळ होती, 'या दगडाचे नाव लिया फॉल आहे.' त्यानंतर मेंढ्या आणि निळीची रोपं, सगळी गोष्ट, न गाळता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, "काळीज कुठे पडलं म्हणालीस?"

टेल्टाउन नॅव्हनहून केल्सच्या दिशेला आहे, ब्लॅकवॉटर नदीकाठी. जागा टाल्टू हिच्या नावाची. ती लूची दाई-माय. तिने हातांनी जंगल तोडून शेतीसाठी मैदान मोकळं केलं आणि त्या कष्टाने तिचा जीव गेला. तिच्या स्मरणार्थ लूने ऑगस्टच्या सुरुवातीला खेळांची जत्रा भरवली, आणि ती शतकानुशतकं भरत राहिली. त्या जत्रेत लग्नंही लागत. पटलं नाही तर वर्षभराने त्याच जागी यायचं, पाठीला पाठ लावायची आणि एकाने उत्तरेला, एकाने दक्षिणेला चालू लागायचं.

आता तिथे पाहायला फारसं काही नाही. गवताचा एक मोठा उंचवटा, काळी गढी म्हणतात त्याला. आजूबाजूला शेतं, कुंपणं, गाई. पार्किंग नाही, म्हणून गाडी रस्त्याच्या कडेला लावली. मामा फाटकाशी उभे राहिले. एक तांबडी गाय येऊन त्यांच्या समोर थांबली आणि रवंथ करत राहिली.

"टारा कुठल्या बाजूला?"

मी आग्नेयेकडे हात केला. मामांनी तिकडे पाहिलं, मग मागे वळून शेताकडे पाहिलं, मग पुन्हा तिकडे. बोट हवेतून अर्धवर्तुळात फिरवलं, टेकडीपासून या गवतापर्यंत.

"एवढ्या लांब," ते म्हणाले.

मामी गाडीतून हाक मारत होत्या, थर्मासातला चहा ओतून ठेवलाय म्हणून. मामा हलले नाहीत. ते अजून अंतर मोजत होते.